दुआनची पाठ

"हात मांडीखाली घ्या, योंगमावशी. हं, असे. आता बसा त्यांच्यावर."

मुकने हे सांगितलं तेव्हा प्रायोंगला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. बासष्टाव्या वर्षी, आठ बायकांच्या देखत, वांड पोराला शिक्षा केल्यासारखं स्वतःच्या हातांवर बसायचं? पण मुक वयाने पस्तिशीच्या आतली असली तरी इथली क्रू होती, शिकवणारी होती, आणि क्रूने सांगितलं की करायचं हे प्रायोंगच्या हाडात मुरलेलं. ती खुर्चीवर टेकली आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली सारून बसली.

समोर स्प्रिंगांच्या सरकत्या पलंगावर बँकेतली एक जाडगेली बाई उताणी झोपली होती, आढ्याकडे बघत.

"आता बोला," मुक म्हणाली. "नुसतं बोलायचं. करून दाखवायचं नाही, हात लावायचा नाही. त्यांना कंबर उचलायला सांगा. कण्याचा एकेक मणी सुटा करत."

"अशी..." प्रायोंगने सुरुवात केली आणि तिचे खांदे आपोआप मागे गेले.

"अशी म्हणजे कशी? त्यांना तुम्ही दिसत नाही."

"अशी हळू. म्हणजे आधी शेपटी..."

"अगंबाई, मला शेपटी कधी फुटली?" पलंगावरची बाई खुदखुदली. सगळ्याच हसल्या. प्रायोंगही हसली, पण मांडीखाली तिचे हात चुळबुळत होते. नोरा नाचाच्या पोशाखाला मागे पक्ष्याची शेपटी असते. चाळीस वर्षं ती शेपटी कमरेला बांधून नाचलेल्या बाईला माकडहाडासाठी दुसरा कुठला शब्द सुचणार?

सोंगख्लाच्या जुन्या बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर, मुकच्या वर्गाला, ती दर शनिवार-रविवार जायची. तळ्यातल्या को यो बेटावरच्या घरून पिकअप गाडीच्या मागच्या फळीवर बसून पूल ओलांडायचा, घड्याळाच्या दुकानापाशी उतरायचं. पिलाटेस हा पोटापाठीचा व्यायाम शिकवायला शिकायचं, सहा महिन्यांचा वर्ग. बाकीच्या सगळ्या तिच्या मुली शोभतील अशा. योग तिला नवा नव्हता. बँकॉकहून आलेल्या एका निवृत्त नर्सकडे ती तो शिकली होती आणि चौदा वर्षं समिला किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली, सकाळच्या उन्हात निवृत्त बायकांना शिकवत होती. शिकवत होती म्हणजे काय, ती करायची आणि त्या बघून करायच्या. जिला जमत नसेल तिला प्रायोंग पाठीत हात घालून वाकवायची. तिचं स्वतःचं मागे वाकणं बघून तर बायका टाळ्या वाजवायच्या.

मुकने मात्र पहिल्याच दिवशी तिला जमिनीवर झोपवलं आणि कमरेखालच्या पोकळीत आपली अख्खी मूठ घातली.

"मावशी, इथून मांजर जाईल."

"जाऊ दे की. मांजराने तरी कुठून जायचं?"

"तुमची पाठ सरळ कुठे असते ते शोधू आपण."

ते काही सापडेना. छाती पुढे, कंबर आत, ढुंगण वर, गुडघे वाकलेले, ही नोराची उभं राहण्याची रीत. प्रायोंग तशीच उभी राहायची, तशीच भात रांधायची, गाडीची वाट बघतानाही तशीच. पाठ सरळ केली की तिला आपण पडतोय असं वाटायचं.

नोरात गाणी असतात, ढोल असतो, समोरच्या माणसावर तिथल्या तिथे कवनं रचतात. पण नोरा शिकवताना शब्द नसायचे. आजोबांच्या काळी तरी नव्हते. आजोबांचं पथक तळ्याकाठच्या गावोगाव होडीने जायचं. होडी धक्क्याला लागायच्या आधीच पोरं काठावरून ओरडत धावायची. कमळाच्या पानावर गरम भात मिळायचा, वर सुकी मासळी आणि कडू साटोच्या शेंगा. रात्रभर नाच झाला की पहाटे म्हाताऱ्या बायका पाय चेपून द्यायच्या. ते दिवस वाईट होते असं प्रायोंगच्या तोंडून कधी निघालं नसतं. आजही होडीच्या यंत्राचा आवाज आला की तिचे पाय ताल धरायचे.

आणि अंगणात पाण्याचा मोठा रांजण होता. पोर सहा-सात वर्षांचं झालं की आजोबा त्याच्या पाठीला खोबरेल तेल चोळायचे, त्याला रांजणाच्या पोटावर उताणं टाकायचे आणि खांदे खाली दाबून मोजायचे. बारा मूळ गुरू, बारा मुद्रा, म्हणून बारापर्यंत. मध्ये पोर कण्हलं, नुसतं "अं" जरी झालं, तरी आजोबा थांबायचे आणि पुन्हा एकपासून मोजायला लागायचे. ते रागवायचे नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. प्रायोंगच्या वेळी एका दुपारी त्यांनी चारदा एकपासून मोजलं. पाचव्यांदा ती गप्प राहिली. संध्याकाळी आजोबांनी आपल्या पानातला मासा तिच्या पानात वाढला.

पुढे तोच रांजण प्रायोंगच्या अंगणात आला. आणि त्यावर दुआन आली.

दुआन तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. प्रायोंगचं लग्न मोडलेलं, मूलबाळ नाही. घरात दोघीच. सातव्या वर्षी दुआन रांजणावर चढली आणि दुसऱ्याच दिवशी तिचं तोंड बंद झालं. इतक्या लवकर गप्प झालेलं पोर प्रायोंगने पाहिलं नव्हतं. तिला फार अभिमान वाटला होता. दुआन सोळाव्या वर्षी मागे वाकून दातांनी जमिनीवरचं फूल उचलायची. एकोणिसाव्या वर्षी तिच्या डोक्यावर मुकुट चढला. फाथालुंगपासून पट्टानीपर्यंत लोक तिचं नाव घेऊन बोलावणी धाडायचे.

अठ्ठाविसाव्या वर्षी तिने नाच सोडला. "कंटाळा आला, क्रू," एवढंच म्हणाली. मग ती नोराचे मण्यांचे अंगरखे ओवायला लागली. सुरुवातीला बसून, मग भिंतीला टेकून, मग एका कुशीवर पडून. आडवी पडून कुणी मणी ओवतं का? पण प्रायोंगने विचारलं की उत्तर ठरलेलं.

"दुखतंय का गं?"

"नाही, क्रू."

घरात ती तिला मावशी म्हणत नसे. क्रूच म्हणायची.

शेजारच्या लामियातबाई मात्र स्वस्थ बसेनात. "पूर्वज छळतायत तिला," त्या कुंपणावरून ओरडून सांगायच्या. "गुरूंच्या घराण्यातली पोर नाच सोडते म्हणजे काय! नाचव एकदा त्यांच्यापुढे, सुटेल." मे महिन्यात प्रायोंगने मांडव घातला. बुधवारी पूर्वज गुरूंच्या आत्म्यांना बोलावलं, शुक्रवारी निरोप दिला. तीन दिवस ढोल वाजला आणि दुआन मुकुट घालून नाचली, वाकली, पूर्वीसारखीच. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शनिवारी सकाळी तिचा डावा पाय कापसाचा झाला होता.

हात याई शहरातल्या इस्पितळात डॉक्टरने फोटो उजेडावर धरला. "हे हाड खालच्या हाडावरून पुढे घसरलंय. तडा लहानपणीच गेलेला दिसतो. किती वर्षं दुखतंय?"

"नाही दुखत, डॉक्टर."

डॉक्टरने फोटो पाहिला, दुआनकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "दुखायलाच पाहिजे," तो म्हणाला.

प्रायोंग पलंगाशी उभी होती. आपले हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना. ते तिने पिशवीत घातले.

डॉक्टरने सांगितलं ते असं: तीन महिने कुणा जाणकाराकडून बेताची हालचाल शिकायची. पोटाचे, पाठीचे स्नायू हाडाला धरून ठेवतील अशी. मग पुन्हा फोटो. हाड आणखी घसरलेलं असलं तर कापून स्क्रू बसवावे लागतील. पाय परत येईलच असं नाही.

घरी येईपर्यंत दुआन एकच वाक्य बोलली. "स्क्रू नको."

म्हणून प्रायोंग मुकच्या माडीवर चढली होती. मुकने पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "त्या मुलीला सरळ माझ्याकडे आणा ना, मावशी."

"ती यायची नाही," प्रायोंगने लगेच सांगून टाकलं. तिने दुआनला विचारलंही नव्हतं. आपल्या हातांनी बिघडलं ते आपल्याच हातांनी नीट व्हायला हवं, हे तिने मनाशी धरलेलं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मुकने थोडा विचार केला. "बरं. परीक्षेसाठी एकाच माणसाचे तीस पाठ लागतात, ते तिचेच धरा. पण मी नेमून देते तेवढंच. आणि हात लावायचा नाही. दुखऱ्या माणसाला शिकाऊ हात नको."

घराच्या तळ्यावर काढलेल्या सज्जात चटई अंथरली. प्रायोंग खुर्चीवर, हात मांडीखाली. दुआन उताणी, गुडघे वर.

पहिले काही दिवस "अशी नाही गं, अशी" यातच गेले. रात्री अंथरुणात, सकाळी भाताला आधण ठेवताना, गाडीत बसल्यावर, प्रायोंग शब्द शोधत असायची. ओठ हलायचे. गाडीतली माणसं सरकून बसायची. मग एक दिवस दुआनच्या उशाशी पडलेल्या मण्यांकडे तिचं लक्ष गेलं.

"दोरा वरून धरलाय असं समज," ती म्हणाली. "आणि मणी एकेक खाली सोड. ओतू नकोस. एकेक."

दुआनची कंबर खाली यायला लागली. मणी मणी करत. किती सुरेख! हात न लावता! तिने आपले हात तपासून पाहिले, ते खरंच मांडीखाली होते.

"दुखतंय?"

"नाही, क्रू."

त्या आनंदात ती मोजायला लागली. कंबर वर धर, एक, दोन, तीन. बारापर्यंत. तोंडाला तीच सवय.

एकोणीस पाठ झाले. पाय काही सुधारेना. उलट दुआन आता न्हाणीघरात जाताना भिंतीला हात लावून जायची, प्रायोंग बघत नाहीसं पाहून. प्रायोंग बघत असायची. तिला जेवण जाईना. एका जागी बसवेना. दिवसातून चारदा ती सज्जा झाडायची.

अठराव्या पाठाला तिने मिरच्यांच्या बरणीला टेकवून फोन उभा केला होता आणि सगळं टिपून घेतलं होतं. रविवारी तिने ते मुकला दाखवलं. मुकने आवाज बंद करून दोनदा पाहिलं.

"मावशी, तुम्ही इथे मोजताय का?"

"हो."

"बारा होईपर्यंत ती श्वासच घेत नाहीये. आणि ही पायाची बोटं बघा. मुठीसारखी वळलीत. तिला दुखतंय."

"मी दर वेळी विचारते, क्रू मुक! दर वेळी!"

"तुम्ही विचारता हो." मुकने फोन परत दिला. "पण ती तुम्हाला 'नाही' म्हणू शकते का? म्हणजे, नाही करणार, असं? जोवर ती तसं म्हणत नाही तोवर पुढचं काही शिकवू नका. आणि खरंच, घेऊन या तिला. मी कधीची सांगतेय."

"ती येत नाही म्हणते," प्रायोंग म्हणाली. दुसऱ्यांदा.

गाडीत बसल्या बसल्या तिने ठरवलं: दुआनकडून 'नाही' काढायचं.

सोमवारी तिने विचारलं, "एक ते दहामध्ये सांग, किती दुखतं?"

"एक, क्रू."

"आणि असं केल्यावर?"

"एक."

मंगळवारी तिने मुद्दाम वेडगळ काहीतरी सांगितलं. "एका पायावर उभी राहा आणि तशीच मला चहा करून दे." दुआनने तिच्याकडे पाहिलं. क्षणभर तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. आता नाही म्हणेल, प्रायोंगला वाटलं. दुआन चुलीपाशी गेली आणि एका हाताने खांब धरून तिने उजवा पाय उचलला. कापसाच्या पायावर उभी राहायला लागली ती.

"अगं ठेव! ठेव पाय खाली! गंमत केली!"

बुधवारी प्रायोंगच्या जिभेवरून ते निसटलं. दिवसभर डोकं फिरलेलं होतं. म्हणाली, "ऊठ. रांजणावर वाक."

याला तरी. याला तरी ती नाही म्हणेल.

दुआन उठली. कुशीवर वळून, हाताचा आधार घेत, हळूहळू. अंगणात गेली. रांजणाच्या पोटावर वाळत घातलेलं फडकं तिने काढलं, घडी करून बाजूला ठेवलं आणि पाठ रांजणाकडे केली.

प्रायोंग तीन पायऱ्या एका उडीत उतरली. "नको! नको म्हणते ना! तू का करतेस? मी सांगितलं म्हणून काहीही करशील?"

"क्रूने सांगितलं," दुआन म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

त्या रात्री प्रायोंगला एकच गोष्ट दिसत राहिली. जोवर मी क्रू आहे तोवर हिच्या तोंडून खरं निघायचं नाही. शिष्या होताना पोरीने तबक आणलं होतं: विड्याची पानं, सुपारी, पांढरी फुलं, मेणबत्ती, पांढऱ्या कापडाची घडी. ते गुरूने घेतलं की शिष्य बांधला जातो. मग ते परत केलं तर? बांधलेलं सुटायला नको?

गुरुवार, गुरूंचा वार. ती पहाटेच बाजारात गेली आणि सगळं आणलं. पानं चांगली मिळाली नाहीत म्हणून दुसऱ्या बाजारात गेली. घरी आली तेव्हा घामाने निथळत होती. दुआन चटईवर गुडघे उभे करून बसली होती, मांडीवर मण्यांचा डबा. प्रायोंगने तबक तिच्यापुढे ठेवलं, गुडघ्यांवर बसली, हात जोडले आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

"आजपासून तू क्रू," ती जमिनीशी बोलली. "तू सांगायचं, मी ऐकायचं."

"उठा!" दुआनचा आवाज फाटला. "उठा आधी! माझं आयुष्य कमी करताय!"

तेव्हा प्रायोंगच्या ध्यानात आलं. मोठ्याने धाकट्याच्या पाया पडलं की धाकट्याची वर्षं कापली जातात, हे इथे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. इतक्या दिवसांच्या तगमगीत तिच्या डोक्यातून ते साफ गेलं होतं. पण ती मान वर काढते न काढते तोच दुआन तिला सुचलं ते करून बसली होती. मोठं माणूस खाली असेल तर आपण त्याहून खाली जायचं. डबा फेकून तिने स्वतःला पुढे झोकून दिलं, जमिनीवर सपाट, प्रायोंगच्या डोक्यापेक्षा खाली. आणि अर्ध्या वाटेत तिची पाठ धरली.

"आई गं!"

मणी सज्जाभर घरंगळले, फटींतून पाण्यात पडले. रांजणावर चढल्यापासूनच्या सव्वीस वर्षांत दुआनच्या तोंडून निघालेलं पहिलं कण्हणं. आणि प्रायोंगच्या तोंडून, तिने बोलावला नसताना, कुणी मागून ढकलल्यासारखा आकडा बाहेर आला.

"एक."

दोघींनी तो ऐकला.

दुआनने जमिनीवरून मान वळवली. तिचा चेहरा प्रायोंगने कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

"मोजू नकोस," ती म्हणाली. मग ओरडली. "मोजू नकोस! दुखतंय! सात वर्षांची होते तेव्हापासून दुखतंय! रोज दुखतंय! मांडवात नाचले तेव्हा मला दिसत नव्हतं डोळ्यांना, एवढं दुखत होतं, आणि तू टाळ्या वाजवत होतीस!"

"दुआन, थांब, मी उचलते..."

"हात नको!"

प्रायोंगचे हात हवेतच राहिले.

"आणि तुझे ते मणी! दोऱ्यातून सोड म्हणे! प्रत्येक मण्याला कळ येते. प्रत्येक."

"मग सांगायचं ना गं..."

"कुणाला?"

पलीकडे लामियातबाई कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. त्या पाठ वळवून घरात गेल्या.

बराच वेळ दुआन तशीच पडून होती. श्वास घेत होती. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. मग म्हणाली, "मला मुककडे ने."

"मुककडे? तिने बोलावलंय हे तुला कुणी..."

"तुझा फोन इथे चटईवर पडलेला असतो. तिने तीनदा लिहिलंय, घेऊन या म्हणून. मला वाचता येतं." तिने डोळे मिटले. "तुझ्याकडे नाही शिकायचं मला."

हेच 'नाही' प्रायोंग चार दिवस शोधत होती. मिळाल्यावर ते तिच्या छातीवर येऊन बसलं आणि उठेना.

पाचव्या दिवशी त्या गेल्या. दुआन पुढच्या बाकावर चालकाशेजारी, प्रायोंग मागे फळीवर. जिन्याच्या तोंडाशी मुक उभी होती. तिने दोघींना नमस्कार केला, आधी प्रायोंगला, आणि दुआनला विचारलं, "मावशींना वर येऊ द्यायचं?"

"नाही," दुआन म्हणाली.

किती सहज म्हणाली! एकदा तोंड उघडलं की हे असं होतं का? प्रायोंग खाली चपलांच्या बाकावर बसली. उठली. दारापर्यंत गेली. परत आली. एकोणीस पाठ वाया गेले होते. मुकने हळूच सांगितलं होतं की दुसरा माणूस घेऊन पहिल्यापासून सुरू करावं लागेल. ठीक आहे, करू. किंवा नाही करणार. समिलाच्या बायकांपुढे उद्या कुठल्या तोंडाने उभं राहायचं, हे त्याहून मोठं कोडं होतं. त्यांतल्या किती जणींना दुखत होतं? किती जणी हसून टाळ्या वाजवत होत्या?

वरून फळ्यांच्या फटींतून आवाज येत होते.

"किती?" मुकचा आवाज. "दहापैकी?"

"सात."

"आणि गुडघा असा घेतल्यावर?"

"पाच. नाही, सहा. थांब."

"थांबले."

स्प्रिंग किरकिरली, गप्प झाली. प्रायोंग जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढली होती, ती खाली उतरली. सात. घरी एक होतं, इथे सात. तिला तो आकडा गोळीसारखा लागला, तरी कान तिथेच होते.

"आता?"

"दुखतंय."

"पुन्हा करायचं?"

"आज नाही."

डॉक्टरने दिलेली तारीख तीन आठवड्यांवर होती. हाड घसरलं असेल, नसेल. स्क्रू बसतील, नाही बसणार. मुकने कसलंही वचन दिलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती की कुठे दुखतं हे आता कळतंय, म्हणजे काम करता येईल.

दुआन कठड्याला धरून खाली आली. चेहरा पांढरा, केस कपाळाला चिकटलेले. प्रायोंगकडे न बघता म्हणाली, "भूक लागलीय. रश्शातल्या शेवया खायच्या."

"कोपऱ्यावरच आहे ना दुकान. चल..."

"चालणार नाही एवढं. गाडी लागेल. आणि पाठ टेकायला खुर्ची असेल तरच. स्टुलावर बसणार नाही मी."

"बरं," प्रायोंग म्हणाली. "बरं बरं. तू थांब इथे."

ती धावत सुटली. शेवयांच्या दुकानात नुसती लाल स्टुलं. पलीकडच्या दुकानात बाकं. तिसरीकडे खुर्च्या होत्या पण शेवया नव्हत्या. प्रायोंग भर बाजारात उभी राहून इकडेतिकडे बघू लागली. मग समोरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरली.

"खुर्ची द्या जरा. पाठीची."

"मावशी, गिऱ्हाईक कुठे बसवू?"

"अर्ध्या तासात आणून देते. तोवर उभ्याने कापा!"

न्हावी हसायला लागला. हसता हसताच त्याने आतली एक लाकडी खुर्ची ओढून दिली. प्रायोंगने ती उलटी करून डोक्यावर घेतली आणि रस्ता ओलांडला. मोटरसायकली थांबल्या, कुणीतरी भोंगा वाजवला. शेवयावालीने दोन स्टुलं सरकवून जागा केली. मुकने गाडी बोलावली होती. दुआन दुकानाच्या दाराशी उतरली, एक हात दाराला, एक कमरेवर. तिने खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती जराशी दाबून पाहिली.

"ही नको," ती म्हणाली. "हलतेय."

"हो का? बघू." प्रायोंगनेही दाबून पाहिली. एक पाय खरंच आखूड होता.

तिने खुर्ची पुन्हा डोक्यावर घेतली आणि दुसरी शोधायला निघाली.